भेगेतलं बिऱ्हाड

मे महिन्यात मराठवाड्यात औशाकडच्या नाहीतर लोह्याकडच्या काळ्या रानात जाऊन उभं राहा. ज्वारी निघालेली असते, हरभरा निघालेला असतो, नांगरट अजून व्हायची असते. जमीन उललेली असते. भेगेत काठी सोडली तर ती कोपरभर खाली जाते आणि तरी तळ लागत नाही. वर ४२ अंशांचं ऊन, चारी बाजूंनी ढेकळं, सावलीला नाव नाही. इथे कुणी राहत असेल असं वाटतं का?

राहतं. त्याच भेगेत, हातभर खाली, मातीच्या गारव्यात चार-पाच जणांचं एक कुटुंब झोपलेलं असतं. अंगावर रेशमासारखी मऊ, करडी-तपकिरी लव, मोठे गोल कान, शेपूट वरून काळपट आणि खालून पांढरं. हा मऊ केसांचा शेतउंदीर. शास्त्रज्ञ त्याला मिलार्डिया मेल्टाडा म्हणतात. तो घरात येत नाही, गोदामात येत नाही, शहराशी त्याला काही देणंघेणं नाही. जन्म शेतात, मरण शेतात. आणि बिळासाठी फार खणायचे कष्टही तो घेत नाही, कारण घर त्याला काळी जमीन फुकट बांधून देते.

हे घर कसं तयार होतं हे ऐकण्यासारखं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. त्याचा बेसाल्ट झाला, बेसाल्ट झिजून काळी माती झाली. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात लोण्यासारखी, उन्हाळ्यात फाटलेली. जगातले सर्वांत जुने ज्ञात कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी, साधारण ५.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे लातूरच्या शेताखालचा खडक थंड होऊन लाखो वर्षं उलटून गेली, तेव्हा कुठे पृथ्वीवर पहिला ज्ञात कृंतक चालू लागला! घराचा पाया आधी तयार झाला आणि राहणारा खूप नंतर आला.

पण फुकटच्या घराची एक अट आहे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की माती फुगते आणि भेगा मिटतात. आत झोपलेले मिटतात. हजारोंनी. दरवर्षी.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लिहून ठेवली वॉल्टर एलियट नावाच्या एका तरुण स्कॉटिश अधिकाऱ्याने. तो धारवाडकडे, तेव्हाच्या ‘दक्षिण मराठा मुलखात’ नेमणुकीवर होता. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सैन्याने इंग्रजांचा पराभव केला, तेव्हा ओलीस धरलेल्या दोन अधिकाऱ्यांपैकी एक हाच. सुटला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या तेविशीत, तो शेतातले उंदीर बघत होता. १८३९ साली त्याने त्या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी मद्रासच्या एका नियतकालिकात छापली. यादी म्हणायची एवढंच. वाचताना वाटतं, हा माणूस बांधावर पालथा पडून राहिला असणार. आणि त्याने मनाचा आणखी एक मोठेपणा दाखवला: वडार मंडळी ज्या प्राण्याला ज्या नावाने ओळखत, ती नावं त्याने जशीच्या तशी नोंदवली. मेल्टाडा हे शास्त्रीय नावही त्यांच्याच तोंडचं. ज्यांनी आयुष्यभर जमीन खणली त्यांना जमिनीतलं कोण कुठे राहतं हे पक्कं माहीत होतं.

एलियट सांगतो ते १८२६ सालचं आहे. त्या वर्षी सुरुवातीचा पाऊस कमी झाला. शेतकऱ्याला वाटणार, दुष्काळात उंदीरही मरतील. झालं उलटंच. पाऊस नाही म्हणून भेगा मिटल्या नाहीत, भेगा मिटल्या नाहीत म्हणून दरवर्षी मरणारे त्या वर्षी मेले नाहीत, आणि जे मेले नाहीत ते वीत गेले. पेरलेलं बी त्यांनी उगवायच्या आत खाल्लं. जे वाचलं ते दाण्यावर येईपर्यंत थांबले, मग ज्वारीच्या ताटावर चढून कणसं कापून खाली पाडली आणि खाली बसून निवांत खाल्ली. शेतंच्या शेतं बसली. सारा भरणं अशक्य झालं. शेतकऱ्यांनी वडारांना कामाला लावलं, इतक्या डझन उंदरांमागे इतकं माप धान्य असा ठराव केला. हजारोंनी मारले. फरक पडला नाही.

एका चिमुकल्या प्राण्याच्या संख्येवर वाघ, साप, घुबड, माणूस या सगळ्यांपेक्षा जास्त सत्ता कुणाची, तर पहिल्या पावसाच्या चार सरींची! मला ही या सगळ्या कथेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळामागोमाग १८७८-७९ साली दख्खनच्या जिल्ह्यांत पुन्हा उंदरांची धाड आली आणि दुष्काळातून कसंबसं वाचलेल्या माणसांच्या हातातोंडाशी आलेली ज्वारी तिने नेली. कमी पावसाची, भरवशाची नसलेली मराठवाड्यासारखी काळी रानं या प्राण्यांना का मानवतात हे यातून कळतं.

वाढतात तरी किती वेगाने? गर्भ जेमतेम तीन आठवडे पोटात. एका वेळी पाच-सहा पिल्लं, कधी त्याहून जास्त. उघडी, आंधळी, बोटाच्या पेराएवढी. काही महिन्यांत त्यातल्या माद्याही विऊ लागतात. आज रानात एक जोडी असेल तर सुगीपर्यंत तिथे काय असेल याचा हिशेब तुम्हीच करून बघा. कागद पुरणार नाही.

मात्र या सगळ्याच्या मुळाशी एक दात आहे. चला, तो पाहू.

उंदराच्या तोंडात समोर वर दोन आणि खाली दोन, असे चार पटाशीचे दात. हे दात कधीच वाढायचे थांबत नाहीत. जन्मापासून मरेपर्यंत, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. वर्षभर न झिजता वाढले तर दहा-पंधरा सेंटिमीटर, म्हणजे उंदराच्या अंगाएवढे होतील. म्हणून त्याला कुरतडावंच लागतं. समोरासमोरच्या दातांपैकी एक तुटला, की त्याच्या समोरच्याला झिजवणारं कुणी उरत नाही. मग तो वाढत वाढत गोल वळतो, टाळूत नाहीतर कवटीत घुसतो, आणि भरल्या शेतात उंदीर उपाशी मरतो.

धार कशी राहते? दाताच्या फक्त पुढच्या बाजूला इनॅमलचा कठीण थर असतो, मागचा भाग मऊ. चावताना मऊ भाग आधी झिजतो, कठीण कड पुढे राहते. म्हणजे वापरलं की बोथट होण्याऐवजी हे हत्यार परजलं जातं. त्या इनॅमलमध्ये लोहसुद्धा असतं. उंदराचे, घुशीचे दात पिवळे-नारिंगी दिसतात ते घाणीमुळे नाही, त्या लोहामुळे. पुढच्या दातांमागे सुळे नाहीत, मोकळी जागा आहे. त्या जागेत दोन्ही बाजूंचे ओठ आत वळून पडदा पाडू शकतात. त्यामुळे माती कापताना दात बाहेर आणि तोंड बंद! एक कणही घशात जात नाही. आणि खालचा जबडा पुढेमागे सरकतो: पुढे सरकवला की कुरतडायचं, मागे घेतला की दाढांनी दळायचं. दोन्ही कामं एकदम होत नाहीत.

या एका दाताच्या जोरावर पृथ्वीवरच्या सस्तन प्राण्यांच्या जवळजवळ ४० टक्के जाती कृंतकांच्या आहेत. वाघ, हत्ती, हरणं, माकडं, देवमासे, वटवाघळं, सगळे मिळून उरलेले साठ टक्के. भारतातच शंभराच्या आसपास जाती. नांदेडच्या झाडांवर पळणारी खार कृंतक आहे. साळिंदर कृंतक आहे. भीमाशंकरचं शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तेही. मेळघाटच्या जंगलात अंगाची कातडी ताणून झाडावरून झाडावर तरंगत जाणारी उडती खारही. मग चिचुंद्री? ती नाही! तिचे दात अणकुचीदार, खाणं किडे, आणि नातं चिचुंद्री-काटेचुआ या वेगळ्याच घराण्याशी. ससाही नाही, त्याच्या वरच्या पटाशीमागे लहानशा दातांची आणखी एक जोडी लपलेली असते.

आता परत शेतात या. आपण ‘उंदीर लागले’ असं म्हणतो तेव्हा एकच प्राणी डोळ्यांपुढे असतो. पण एका शिवारात सहा-सात वेगवेगळ्या जाती राहत असतात आणि त्यांनी ते शिवार आपसांत वाटून घेतलेलं असतं.

बांधावर पाहा. भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग दिसतो, आणि बिळाचं तोंड आतून मातीने लिंपलेलं. ही लहान घूस. अंग भरलेलं, केस राठ, स्वभाव तापट. हिला डिवचलं तर पळण्याऐवजी फुत्कारते. हिचं बीळ म्हणजे अनेक तोंडांचं, अनेक खोल्यांचं काम. एका खोलीत गवताचं अंथरूण, बाकीच्या खोल्यांत साठा. पीक तयार झालं की ती नुसती खात नाही, कणसं-लोंब्या कापून खाली ओढते आणि रचून ठेवते. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावात पेवं खणून त्यात ज्वारी भरली, तोंड बंद केलं आणि वरून माती लोटली. बांधाखालची ही घूस नेमकं तेच करत होती, आणि कदाचित माणसाच्या कितीतरी आधीपासून. तिची बिळं उकरून त्यातलं धान्य काढणं हा एलियटच्या काळी वडारांच्या पोटाचा एक आधार होता. एका उंदराचा साठा माणसाचं घर चालवायला हातभार लावतो, याहून त्या बिळाच्या व्याप्तीचा वेगळा पुरावा काय हवा?

बांध सोडून मुरमाड चढणीला लागा. इथे राहणारा प्राणी इतका लहान की मुठीत मावेल, आणि त्याच्या अंगावर लव नाही, चपटे काटेरी केस आहेत. १८३२ साली लंडनमध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते दख्खनमधून गेलेल्या नमुन्यांवरूनच. एलियटने त्याचं बीळ उघडून पाहिलं आणि जे दिसलं ते वाचून मी अजून थक्क आहे. हा उंदीर आत गेला की बिळाचं तोंड खड्यांनी बंद करतो. बारीक, निवडलेले खडे. दाराबाहेरही खड्यांचा ढिगारा ठेवलेला, त्यावरूनच बीळ ओळखू येतं. आणि आत, खोलीत, गवताचं अंथरूण नाहीच. तिथेही खड्यांचीच बैठक! त्यावर हा बसतो. पोटावरच्या दाट केसांमुळे त्याला गारठा लागत नाही, खडे टोचत नाहीत.

का बरं? गवत मुबलक असताना दगडांवर का झोपावं? हजारो मैलांवर, ऑस्ट्रेलियात, दुसऱ्याच जातीचे चिमुकले उंदीर खडे वाहून आणून बिळाभोवती काही चौरस मीटर पसरलेले ढीग रचतात. दोघांची भेट कधी झालेली नाही. कोरड्या, दगडाळ मुलखाने दोन खंडांवर दोघांच्या हातात तेच साहित्य दिलं आणि दोघांनी त्याचं घर केलं.

आता वर बघा, बाभळीत किंवा तुरीच्या दाट फांद्यांत. दिवसा काही दिसणार नाही. रात्री विजेरी मारली तर फांदीच्या टोकाला दहा-बारा ग्रॅमचा जीव दिसेल, आणि त्याच्या मागे त्याच्याहून खूप लांब शेपूट. हा झाडउंदीर. त्याचा पाय जवळून बघायला मिळाला तर बोटं मोजा आणि नखं बघा: मधल्या बोटांना नख्या, पण पहिल्या आणि शेवटच्या बोटाला आपल्यासारखं चपटं नख. ती दोन्ही बोटं उरलेल्यांसमोर वळतात आणि काडीएवढी फांदी दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. शेपटीचा फांदीला विळखा, चारही पायांची पकड. जमिनीवर त्याला फारसं कामच पडत नाही. गवताचं गोल घरटंही वरच, ढोलीत किंवा फांद्यांच्या बेचक्यात.

आणि माळ? जिथे पीक नाही, पाणी नाही, कुसळी गवत आहे, तिथला धनी जरबिल. मोठाले काळे डोळे, लांब मागचे पाय, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. रात्री मोटारसायकलच्या उजेडात रस्त्यावरून टणाटण उड्या मारत काहीतरी गेलं असं तुम्ही पाहिलं असेल, तर बहुतेक तो हाच. जरबिलांचा सगळा डाव पाणी वाचवण्याचा. दिवसभर बिळात, जिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट. बाहेर निघायचं अंधारात. खाल्लेल्या दाण्याचं पचन होताना शरीरात जे थोडं पाणी तयार होतं तेही सोडायचं नाही. मूत्रपिंडं लघवी इतकी घट्ट करतात की पाणी अंगातच राहतं.

पाणी आलं की मात्र शेजारी बदलतात. राजस्थानच्या वाळवंटात कालवा पोचला, ओलिताची पिकं आली, आणि अभ्यासकांनी पाहिलं की वाळवंटी जाती मागे हटल्या आणि ओल्या जमिनीची लहान घूस तिथे शिरली. मांजरा-गोदावरीच्या काठी बारा महिने उभा असणारा ऊस या घुशीला काय वाटत असेल? गारवा, आडोसा, गोड कांडं, आणि कुणी हलवायला येत नाही.

माहूर-किनवटच्या सागवानी जंगलात गेलं की या घराण्यातला दांडगा मानकरी भेटतो. सायाळ, म्हणजेच साळिंदर. बारा-पंधरा किलोचा. काटे फेकून मारतं ही समजूत खोटी आहे. ते काटे म्हणजे केसच आहेत, जाड आणि ताठ झालेले, आणि हलकेच गळणारे. ते करतं त्याहून भारी काहीतरी. धोका दिसला की शेपटीवरचे पोकळ काटे हलवून खुळखुळ आवाज काढतं. समोरचा ऐकत नसेल तर पाठ फिरवतं आणि वेगाने उलटं, मागे धावून येतं! जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीतच गेला होता आणि पुढच्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले होते. शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली. हाच प्राणी जंगलात पडलेली हाडं आणि हरणांची गळालेली शिंगं कुरतडत बसतो. कॅल्शियम मिळतं, आणि दातही झिजतात.

अंगच्या हत्यारांइतकंच थक्क करतं ते डोकं. उंदीर उलटी करू शकत नाही. विषारी काही पोटात गेलं तर बाहेर काढायची सोयच नाही. मग इतकी विषं, इतके सापळे असून तो टिकला कसा? तर नवं काही दिसलं की तो आधी संशय घेतो. कणभर खातो, थांबतो. पोट दुखलं तर त्या चवीला पुन्हा शिवत नाही. झिंक फॉस्फाईडच्या आमिषाचा पहिल्या दिवशी दणक्यात उपयोग होतो आणि मग उंदीर ते खाईनासे होतात, हा अनुभव शेतकऱ्याला नवा नाही. म्हणून तर आधी दोन दिवस बिनविषारी आमिष ठेवायला सांगतात. त्याहून पुढची गोष्ट: प्रयोगशाळेतल्या उंदरांवर अनेक वर्षं काम करून संशोधकांनी दाखवलं की उंदीर दुसऱ्या उंदराच्या श्वासाचा वास घेतो, त्याने काय खाल्लं ते ओळखतो, आणि तेच खाणं सुरक्षित म्हणून निवडतो.

ते बोलतातही, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे बहिरा. घरट्याबाहेर पडलेलं उंदराचं पिल्लू ४० किलोहर्ट्झच्या आसपास आईला हाक मारतं, आणि ती धावत येऊन त्याला उचलून नेते. तुमच्या उशाशी हे घडलं तरी तुम्हाला शांतताच ऐकू येईल.

आता एक काळं पान उघडायला हवं, कारण ते मराठवाड्याचं आहे.

पूर्वी गावात ‘उंदीर पडला’ म्हटलं की माणसं घरदार सोडून रानात झोपड्या टाकून राहत. उंदीर मरणं आणि प्लेग येणं यांचा संबंध लोकांना कळत होता, पण मधला दुवा कुणालाच माहीत नव्हता. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या तेव्हाही नाही. दुसऱ्या वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. पिसवा असलेला आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकाच भांड्यात ठेवले, मध्ये जाळी. दोघांना एकमेकांना शिवता येणार नाही, पण पिसवेला उडी मारता येईल अशी. निरोगी उंदीर प्लेगने मेला. दुवा सापडला होता: पिसू! पुढे कळलं की हे जंतू पिसवेच्या अन्नमार्गात वाढून तो तुंबवतात. रक्त आत जाईना म्हणून भुकेलेली पिसू वेड्यासारखी चावत सुटते, आणि दर चाव्याला जंतू सोडते.

मग दोन साथींमधल्या वर्षांत प्लेग कुठे असतो? इथे आपला माळावरचा जरबिल पुन्हा येतो. घरातले काळे उंदीर प्लेगने पटापट मरतात, रानातले जरबिल मात्र बरेचसे तग धरतात. जंतू त्यांच्यात आणि त्यांच्या पिसवांत वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतात, माणसाला पत्ताही न लागता. रानातला आणि घरातला उंदीर यांची गाठ पडली, की धोका.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादची गावं झोपेतच गाडली गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जवळजवळ वर्षभराने, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भारतात कैक वर्षांनी. त्यानंतर लगेच सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची घबराट उडाली. अनेक अभ्यासकांनी या दोन घटनांमध्ये धागा जोडला आहे: भूकंपाच्या भीतीने लोकांनी घरं सोडली, धान्य मागे राहिलं, रिकाम्या घरांत उंदीर माजले, आणि रानातल्या-घरातल्या उंदरांचं एकमेकांत मिसळणं वाढलं. हा धागा सगळ्यांना मान्य नाही. पण त्याची शक्यतासुद्धा अंगावर काटा आणते. जमिनीच्या पोटातली हालचाल, बिळातली वस्ती आणि माणसाच्या काखेतली गाठ, तिन्हींचा एकमेकांशी इतका जवळचा संबंध असू शकतो.

म्हणून उंदीर नकोतच, असं म्हणायचं का? तसं झालं तर शिवार ओस पडेल. धामण उंदरांवर जगते. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी कापशी घार उंदरांवर जगते. कोल्हा, रानमांजर, मुंगूस, पिंगळा, सगळ्यांचं ताट हेच वाढतात. आणि त्या ताटावरचा सर्वांत कसबी पाहुणा म्हणजे गव्हाणी घुबड. त्याचे दोन कान चेहऱ्यावर एका पातळीत नसतात, एक जरा वर, एक जरा खाली. त्यामुळे आवाज एका कानात आधी की नंतर, मोठा की बारीक, यावरून उंदीर उजवीकडे किती आणि खाली किती हे त्याला कळतं. मिट्ट काळोखात, काही न दिसता, नुसत्या कुरतडण्याच्या आवाजावर ते अचूक झेप घेतं. पंखांचा आवाज उंदराला ऐकूही येत नाही.

आणि याच घुबडाला आपण अपशकुनी म्हणून दगड मारतो, विषाने मेलेला उंदीर खाऊन ते मरतं तेव्हा कुणाला कळतही नाही. गव्हाणी घुबडाचं एक जोडपं तुमच्या वाड्याच्या आढ्याला, देवळाच्या शिखरात, जुन्या गढीच्या बुरुजात राहत असेल, तर त्याला हुसकावू नका. रानात विष टाकलंच, तर मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, उघड्यावर टाकू नका. बांधावरच्या बिळात हात घालू नका. उंदीर गेलेल्या बिळात नाग असू शकतो.

आणि एक कराच. घुबड बसतं त्या जागेखाली केस-हाडांच्या काळ्या गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेला भाग ते असं तोंडावाटे टाकतं. हातमोजे घालून चार गोळ्या उचला, कोमट पाण्यात भिजवा, मुलांना सोबत घेऊन काडीने सोडवा. आत अख्ख्या कवट्या निघतील. लहान, मोठ्या, निमुळत्या, रुंद. पुढे नारिंगी दात, मागे मोकळी जागा. अणकुचीदार दातांची एखादी निघाली तर ती चिचुंद्री, बाजूला ठेवा. उरलेल्या ओळीने मांडा आणि मोजा. तुमच्या एका शिवारात किती जाती राहतात, याची यादी घुबडाने तुमच्यासाठी आधीच करून ठेवली आहे.